थंड देशातल्या नातवंडासाठी विणायचे आहे. लोकर आणि सुया कशा पारखून घ्याव्यात?

गोदाकाठ

नमस्कार. माझी लेक कॅनडात विनिपेग येथे राहते आणि जानेवारीच्या मध्यास तिच्या बाळंतपणाची तारीख आहे. मी डिसेंबरअखेर नाशिकहून निघणार आहे. तोवर दोन स्वेटर, दोन टोपरी, पायमोज्यांचे तीन जोड आणि जमल्यास एक दुपटे विणून न्यावे अशी फार इच्छा आहे. विणकाम मला येते, परंतु लेक शाळेत असताना तिचा शेवटचा स्वेटर विणला त्यानंतर जवळजवळ २० वर्षे मी सुया हातात घेतलेल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने माझ्यापुढे चार प्रकारचे गुंडे ठेवले आणि चारही 'बेबी वूल'च आहेत असे सांगितले. हाताला चारही मऊ लागत होते, पण किमतींत मोठा फरक होता, आणि तो फरक कशामुळे आहे हे त्यांना सांगता आले नाही. माझ्याकडे सासूबाईंच्या १० आणि १२ नंबरच्या ॲल्युमिनियमच्या सुया आहेत. नव्या गुंड्यांच्या वेष्टनावर मात्र सुईचे माप मिलिमीटरमध्ये छापलेले असते, त्यामुळे त्या सुया चालतील की नाही तेही कळेना. लेकीची अट एकच आहे, की जे काही आणशील ते यंत्रात धुता आले पाहिजे, कारण तान्ह्या बाळाचे कपडे हाताने धूत बसायला तिला वेळ मिळणार नाही.

अनेक वर्षांपूर्वी भाच्यासाठी मी विणलेला निळा स्वेटर पहिल्याच धुण्यात आटून बाहुलीच्या मापाचा झाला होता. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून आधी विचारून मगच खरेदी करावी असे ठरवले आहे.

उलटसुलट

गोदाकाठताई, अभिनंदन. तुमच्या प्रश्नाचे मूळ आपल्या शब्दातच आहे. मराठीत आपण विणायच्या प्रत्येक धाग्याला 'लोकर' म्हणतो, मग तो मेंढीच्या अंगावरचा असो किंवा कारखान्यात रसायनांपासून काढलेला असो. दुकानातले 'वूल' हेही तसेच सरसकट वापरले जाते. लुधियानाच्या वर्धमान, ओसवाल, गंगा यांसारख्या नावांखाली आपल्याकडे जे गुंडे सर्वत्र मिळतात, त्यांत ॲक्रिलिक धाग्यांचा भरणा मोठा आहे. ते वाईट असतात असे मी म्हणत नाही. परंतु आपण काय विकत घेत आहोत हे दुकानदाराच्या तोंडून किंवा बोटांच्या स्पर्शावरून न ठरवता वेष्टनावरच्या बारीक अक्षरांवरून ठरवावे, एवढा आग्रह मात्र मी धरेन. तिथे '१००% ॲक्रिलिक', 'मेरिनो' (म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक, मऊ लोकर), 'नायलॉन' अशी घटकांची टक्केवारी दिलेली असते. ज्या गुंड्यावर ती नाही, तो लहान बाळासाठी घेऊ नये.

वेष्टन हरवलेला जुना गुंडा घरात असेल, तर वीतभर धागा कापून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्याजवळ, वाऱ्यापासून दूर, त्याचे टोक पेटवून पाहा. खरी लोकर मंदपणे जळते, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते, जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि मागे राहिलेली काळी राख बोटाने चुरता येते. कारण लोकर आणि आपले केस दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाचे बनलेले असतात. सूत भराभर जळते, कागद जळल्याचा वास येतो आणि करडी, हलकी राख उरते. ॲक्रिलिक वितळत जळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी बनतो. मिश्र धाग्यात ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे या चाचणीवरून नेमके प्रमाण मात्र कळत नाही.

दुसरी गोष्ट मऊपणाची आहे. दुकानात हात लावून जो मऊपणा कळतो तो पुष्कळदा सैल पिळाचा असतो. ज्या धाग्याला पीळ कमी आणि ज्यातले तंतू आखूड, तो धागा गुंड्यात अतिशय मऊ लागतो आणि चार वेळा वापरल्यावर त्याच्या काखेत व बाह्यांवर गोळे येऊ लागतात. गुंड्यातून हातभर धागा सोडवून दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये मागे-पुढे चोळून पाहा. लगेच तूस निघून पदर सुटू लागले, तर तो धागा रोज वापरायच्या कपड्याला टिकणार नाही. हाताच्या तळव्यापेक्षा गळ्याजवळची किंवा मनगटाच्या आतल्या बाजूची त्वचा जास्त खरे सांगते, म्हणून धागा तिथे लावून मगच बाळासाठी निवडावा.

तिसरी गोष्ट म्हणजे वजनावर जाऊ नका, लांबी वाचा. गुंडा ५० ग्रॅमचा आहे एवढ्याने काहीच कळत नाही. ५० ग्रॅममध्ये २०० मीटर धागा असेल तर तो मोज्यांच्या जातीचा बारीक धागा, ११० मीटरच्या आसपास असेल तर ज्याला डीके म्हणतात तो मध्यम धागा, आणि ८०-८५ मीटर असेल तर त्याहून जाड. 'चार प्लाय' हे शब्दही फसवे आहेत. प्लाय म्हणजे पदर, आणि चार बारीक पदरांचा धागा दोन जाड पदरांच्या धाग्यापेक्षा बारीक असू शकतो. लांबी छापलेली नसेल तर धागा न ताणता पट्टीवर शेजारीशेजारी गुंडाळा. अडीच सेंटिमीटरमध्ये ११ ते १५ वेढे बसले तर तो साधारण डीकेच्या जाडीचा आहे असे समजावे.

थंडदेशी

मी गेली १४ वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. विनिपेग आमच्या उत्तरेला आहे आणि तिथला जानेवारी आमच्यापेक्षाही कडक असतो. उणे ३० अंशांपर्यंत पारा उतरणे ही तिथे नवलाईची गोष्ट नाही. तरीही तुम्हाला एक अनपेक्षित गोष्ट सांगते. घरे आतून तापवलेली असल्यामुळे बाळाचा बहुतेक वेळ २० ते २२ अंशांत जातो, म्हणून नाशिकला ज्याला आपण 'भरपूर गरम' म्हणू असा जाडजूड स्वेटर घरात अंगावर ठेवता येत नाही. गाडीतही तो चालत नाही. लहान मुलांच्या गाडीतल्या खुर्चीच्या पट्ट्यांखाली फुगीर कपडे असतील, तर पट्टे अंगाला घट्ट बसत नाहीत आणि धक्का बसल्यास ते धोक्याचे ठरते. त्यामुळे बारीक किंवा मध्यम धाग्याचा, अंगाबरोबर बसणारा आणि पुढून उघडणारा स्वेटरच खरा उपयोगी पडतो.

धुण्याच्या अटीसाठी 'सुपरवॉश' हा शब्द शोधा. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात. ऊब, पाणी आणि घुसळण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते एकमेकांत अडकतात आणि वीण आटून नमद्यासारखी घट्ट होते. तुमच्या भाच्याच्या स्वेटरचे बहुधा असेच झाले असावे. सुपरवॉश लोकरीवर प्रक्रिया करून ते पापुद्रे बोथट करतात किंवा त्यांवर पातळ लेप देतात, त्यामुळे ती यंत्रात धुता येते. तरीही वेष्टनावरची चिन्हे पाहूनच घ्या. पाण्याच्या टोपल्याच्या चित्रात आकडा असेल तर तितक्या अंशांवर यंत्रात धुता येते, टोपल्यात हात काढलेला असेल तर फक्त हाताने धुवावे, आणि चौकोनातल्या वर्तुळावर फुली असेल तर वाळवण्याच्या यंत्रात घालू नये. इकडे धुण्याइतकेच यंत्रात वाळवणेही रोजचे असते, तेव्हा लेकीला तेही विचारून ठेवा.

दुपट्याबद्दल एक विनंती आहे. पहिल्या वर्षात बाळाच्या झोपण्याच्या जागेत सैल पांघरूण ठेवू नये असे इकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दुपटे जरूर विणा, पण ते ढकलगाडीसाठी आणि मांडीवर घेताना वापरायचे, असे मनाशी धरूनच त्याचा धागा निवडा.

सूतगुंडा

मला इथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. रत्नागिरीत आणि नंतर ठाण्यात मी ३० वर्षे विणकाम केले आहे, आणि त्यातले बहुतांश ॲक्रिलिकमध्येच केले. ॲक्रिलिक आटत नाही, रंग सोडत नाही, त्याला कसर लागत नाही आणि खऱ्या मेरिनोच्या तुलनेत ते कितीतरी स्वस्त पडते. तीन महिन्यांत लहान होणाऱ्या कपड्यासाठी महाग धागा घेणे प्रत्येकीला परवडतेच असे नाही, आणि ज्या आजीने ॲक्रिलिकचा स्वेटर विणला तिने काही कमी केले असे कुणाला वाटू नये.

ॲक्रिलिकमध्येही प्रत असते. चांगल्या प्रतीचा धागा सबंध लांबीभर एकसारख्या जाडीचा असतो आणि बोटावरून सरकताना किरकिर असा आवाज करत नाही. गोळे कमी येणारा धागा वेगळा मिळतो आणि वेष्टनावर तसे लिहिलेले असते. त्यासाठी थोडे अधिक पैसे गेले तरी ते वाया जात नाहीत. त्याला गरम इस्त्री मात्र कधीही लावू नये. एकदा इस्त्री बसली की वीण कायमची चपटी आणि निर्जीव होते आणि ती कोणत्याही उपायाने परत उठत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या बाळासाठी मी सरळ सूतच सुचवते. मर्सराइज्ड सुताला चमक आणि बळकटी असते. ती प्रक्रिया जॉन मर्सर याने १८४४ मध्ये शोधली. त्यात सुतावर दाहक सोड्याचा प्रयोग करतात. पण तोच सुताचा धागा घामट अंगाशी साध्या सुताइतका मऊ वाटत नाही, म्हणून झबल्याला साधे सूत आणि शोभेच्या कामाला मर्सराइज्ड, असा माझा नेम आहे. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, त्यामुळे काठाची एक सुलट-एक उलट वीण लवकर सैल पडते. तिथे एक नंबर बारीक सुई घ्यावी.

उलटसुलट

सूतगुंडाताई, परवडण्याचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आपल्या हवेत ॲक्रिलिकचे काही बिघडत नाही. विनिपेगसाठी मात्र मी लोकरीचाच आग्रह धरते आणि त्याचे कारण ऊब एवढेच नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, उलट ॲक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही. तापवलेल्या घरातून बर्फात आणि बर्फातून पुन्हा घरात असे दिवसातून दोनदा जाणाऱ्या बाळाला घाम येतो, आणि तो ॲक्रिलिकच्या आत अंगाशीच राहून पुढे गार पडतो. शिवाय ॲक्रिलिक पेटले तर वितळून त्वचेला चिकटते. शेगडी, समई किंवा शेकोटीजवळ जाणाऱ्या मुलाच्या अंगावर ते असू नये, हे मी आपल्याकडच्यांसाठीही सांगेन.

मध्यम मार्गही आहे. मेरिनो आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण किंवा लोकर आणि नायलॉन यांचे मिश्रण घेता येते. मोज्यांच्या धाग्यात ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन हे प्रमाण बरेच आढळते, कारण टाच आणि चवडा लवकर विरतात. चालू न लागलेल्या बाळाच्या मोज्यांना मात्र नायलॉनची गरजच पडत नाही.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. स्वेटर, टोपरी आणि मोजे सुपरवॉश मेरिनोचे, तर दुपटे ॲक्रिलिकचे करावे असे आता मनात येत आहे. सुयांचे कुणी सांगेल का? सासूबाईंच्या सुया वापरायला मिळाल्या तर मला फार आवडेल.

चारसुया

सुयांचा गोंधळ जुन्या आणि नव्या मापांमुळे होतो. आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे पावणेचार, १० म्हणजे सव्वातीन, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. अमेरिकन नंबर याच्या उलट चढत जातात. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. तुमच्या लेकीने तिकडून सुया किंवा नमुन्याचे पुस्तक पाठवले, तर नंबर न पाहता मिलिमीटरच पाहा. भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यात सुई घालून बघावी. जी सुई भोकातून अलगद पण न डगमगता जाते, ते तिचे माप. जुन्या सुयांवरचे आकडे पुष्कळदा पुसलेले असतात, आणि एका जोडीतल्या दोन सुया वेगवेगळ्या मापांच्या निघाल्याचेही मी पाहिले आहे.

सासूबाईंच्या सुया सपाट काचेवर ठेवून लोळवा. सरळ लोळल्या तर त्या आजही उत्तम आहेत, मध्ये उचलल्या गेल्या तर वाकलेल्या आहेत. टोकावरून बोट फिरवा आणि मग जुना नायलॉनचा मोजा त्यावरून ओढा. कुठे अडकला तर तिथे खरखर आहे, आणि ती प्रत्येक टाक्याला धागा ओरबाडणार. अगदी बारीक पॉलिश कागदाने ती घासून काढता येते. सुईवरचा काळपटपणा पांढऱ्या धाग्याला लागतो, म्हणून मऊ फडक्याने सुया आधी नीट पुसून घ्या. बाळाच्या स्वेटरचे काठ आणि पट्ट्या सव्वातीनवर फार छान होतील. डीके धाग्याच्या अंगासाठी साधारण ४ मिलिमीटरची सुई लागते, ती एक जोडी मात्र नवीन घ्यावी लागेल.

नवीन घेताना धातू की लाकूड, याचे उत्तर तुमच्या हातात आहे. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांच्यासाठी गुळगुळीत धातू बरा, कारण टाके भराभर सरकतात. ज्यांचा हात सैल आहे किंवा जे बऱ्याच वर्षांनी विणत आहेत त्यांच्यासाठी बांबू किंवा लाकूड बरे, कारण त्यावर टाका जागच्या जागी थांबतो आणि सुईवरून घसरत नाही. सुपरवॉश मेरिनो स्वतःच निसरडी असते, त्यामुळे मी तुम्हाला लाकडीच सुचवेन. थंडीत बोटे आखडत असतील तरी लाकूड हाताला गार लागत नाही. जयपूरच्या निटप्रो या कंपनीच्या लाकडी सुया जगभर जातात, अमेरिकेत त्या वेगळ्या नावाने विकल्या जातात, आणि पोनीच्या ॲल्युमिनियमच्या सुयाही आपल्याकडे सहज मिळतात. गोल सुई घेणार असाल तर सुई आणि वायर जिथे जोडली आहे त्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडले तर टाकाही प्रत्येक फेरीला अडणार, म्हणून ती सुई परत ठेवावी. विमानात सुया नेण्याचे नियम आधी विमान कंपनीला विचारून घ्या आणि अर्धवट काम शक्यतो सामानाच्या बॅगेत ठेवा.

बाकीचे साहित्य थोडक्यात सांगते. बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई हवीच, कारण टोकदार सुई शिवण घालताना धाग्याचे पदर फोडते. टाके धरून ठेवायला मोठी पिन आणि खुणेची कडी लागतात. कड्यांऐवजी वेगळ्या रंगाच्या धाग्याचे फासेही चालतात, मी आजवर तेच वापरत आले आहे. मोजपट्टी कापडी आणि नवी घ्या, जुन्या ताणलेल्या असतात. बटणे चपटी, गुळगुळीत आणि चार भोकांची घ्या, ती घट्ट शिवा, आणि गळ्याला नाडी किंवा फीत अजिबात घालू नका.

दख्खनी

मी माणदेशातला आहे. आमच्याकडे आजही मेंढ्यांची कातरणी होते आणि लोकरीला भाव मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या बहिणी ऑस्ट्रेलियाची लोकर विकत घेतात आणि आमची लोकर पडून राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते. दख्खनी मेंढीच्या लोकरीचा स्वेटर विणता येणार नाही का?

उलटसुलट

दख्खनी, तुमची खंत रास्त आहे आणि या प्रश्नाचे उत्तर खरेपणानेच दिले पाहिजे. बाळाच्या अंगासाठी ती लोकर चालणार नाही. लोकरीचा तंतू किती बारीक आहे हे मायक्रॉनमध्ये मोजतात. स्वेटरसाठी वापरायच्या मेरिनोचा तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या आतला असतो. ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू जास्त प्रमाणात असतील तर त्यांची टोके त्वचेत वाकत नाहीत, टोचतात, आणि तेच आपल्याला 'खाजते' म्हणून जाणवते. दख्खनी लोकर जाड, आखूड आणि केसाळ असते. राजस्थानातल्या बऱ्याच जातींची लोकरही गालिच्यांच्या कामाची आहे, अंगावरच्या कपड्यांची नाही.

परंतु जी लोकर टोचते तिच्याच अंगी घोंगडीचे गुण आहेत. सणगरांच्या मागावर चिंचोक्यांची खळ देऊन विणलेली घोंगडी पाऊस अंगावर घेते, जमिनीची ओल वर येऊ देत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. मेरिनो यातले काहीही करू शकणार नाही. त्या लोकरीचा हाताने कातलेला जाड धागा मिळाला, तर ८-१० मिलिमीटरच्या सुयांवर बसकर, पायपुसणी, खुर्चीच्या गाद्या किंवा आटवून घट्ट केलेल्या पिशव्या फार सुरेख होतात. मी स्वतः अशा दोन पिशव्या केल्या आहेत. काळा, तपकिरी आणि करडा हे तिचे मूळचेच रंग असतात, त्यामुळे ती रंगवण्याचीही गरज पडली नाही. तुमच्या भागात कुणी सूत कातून देत असेल तर मला जरूर कळवा, मी निश्चित विकत घेईन.

दख्खनी

आमच्या वाडीत दोन आजी अजून हाताने कातून देतात. त्यांना विचारून, धाग्याची जाडी आणि वजन मोजून कळवतो. पीळ एकसारखा येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चारसुया

गोदाकाठताई, खरेदीला जाण्याआधी लॉट नंबरचे लक्षात ठेवा. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी आणखी एक क्रमांक असतो, तो ज्या घाण्यात धागा रंगला त्याचा. रंग क्रमांक तोच आणि लॉट वेगळा असेल, तर दुकानातल्या दिव्याखाली फरक दिसत नाही, पण विणल्यावर उन्हात पाठीवर सरळ पट्टा उमटतो. लागतील ते सगळे गुंडे एकाच लॉटचे आणि एकाच वेळी घ्या, वर एक जास्त घ्या. शिल्लक गुंडा परत घेतात का, ते आधी विचारा. दुसऱ्या लॉटचा गुंडा घ्यावाच लागला, तर दोन्ही गुंडे दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणावेत, म्हणजे फरक विरून जातो.

अंदाजासाठी सांगते. डीके धाग्यात तीन महिन्यांच्या मापाच्या स्वेटरला माझे सुमारे ३०० मीटर लागतात, वर्षाच्या मापाला ४५० च्या आसपास, आणि दोन टोपरी व तीन जोड मोजे मिळून २५० पर्यंत. वेलबुट्टी किंवा वेणीची वीण असेल तर त्यावर पाचवा हिस्सा वाढवा. तान्ह्या बाळासाठी मोठ्या भोकांची जाळी नको, त्यात बोटे अडकतात. उलट बाजूने लोंबणारे धागेही नकोत. मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या धाग्याचे, तूस बाळाच्या नाकातोंडात जाते, म्हणून तेही टाळा.

मापाचा विचार ऋतूबरोबर करा. आपल्याकडे सरसकट 'सहा महिन्यांचे माप कर, म्हणजे बरेच दिवस येईल' असे सांगतात. जानेवारीत जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे होईल तेव्हा विनिपेगमध्ये जुलै असेल. एक स्वेटर तीन महिन्यांचा आणि दुसरा पुढच्या हिवाळ्यासाठी वर्षाचा करा.

थंडदेशी

हा मापाचा मुद्दा लाखमोलाचा आहे. माझ्या मुलीचे तीन स्वेटर एकदाही न घालता लहान झाले होते, ते केवळ याच कारणाने.

ठेवणीबद्दल एक गंभीर गोष्ट सांगायची राहिली होती. वर्षाच्या मापाचा स्वेटर दहा महिने पेटीत राहील, आणि खऱ्या लोकरीला कसर लागते. म्हणून सवयीने त्यात डांबरगोळ्या टाकू नका. त्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतील, तर कपड्यात मुरलेल्या त्याच्या वाफेने काही नवजात बाळांच्या, विशेषतः ज्यांच्या रक्तात जी६पीडी हे विकर कमी असते अशा बाळांच्या, तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होऊ शकते. असा दोष बाळात आहे की नाही हे आधी माहीत नसते. कपडा धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या पिशवीत बंद करून ठेवला तर कसरीला वाट मिळत नाही. घाम आणि दुधाचे डाग राहिलेल्या जागीच कसर आधी लागते, म्हणून धुऊन ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. घरी हाताने धुताना रिठ्याचे पाणी किंवा लोकरीचा सौम्य साबण वापरावा. कपडे धुण्याचा नेहमीचा क्षारयुक्त साबण लोकरीला खातो.

गोदाकाठ

खरेदी झाली. हलक्या पिवळ्या रंगाची सुपरवॉश मेरिनो मिळाली, ५० ग्रॅममध्ये ११० मीटर, ३० अंशांवर यंत्रात धुण्याचे चिन्ह आहे आणि वाळवण्याच्या यंत्रावर मात्र फुली आहे. तुमच्या हिशेबाने १,००० मीटर होत होते, म्हणून दहा गुंडे एकाच लॉटचे घेतले. एक जास्त गुंडा महिनाभर परत घेण्याचे दुकानदाराने कबूल केले. दुपट्यासाठी गोळे कमी येणारे पांढरे ॲक्रिलिक घेतले आहे. सासूबाईंच्या १० नंबरच्या सुया काचेवर सरळ लोळल्या. १२ नंबरची एक सुई वाकलेली निघाली, ती मी जपून ठेवली आहे.

तुम्ही सांगितले नव्हते तरी मी आधी नमुन्याचा तुकडा विणला आणि उशीच्या खोळीत घालून तीनदा यंत्रात धुतला. ४ मिलिमीटरच्या नव्या लाकडी सुयांवर धुण्याआधी १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी होत्या. धुऊन सपाट वाळवल्यावर २१ टाके आणि २८ ओळी झाल्या. म्हणजे ही लोकर आटत नाही, उलट थोडी सैल होते. हे असेच असते का, की माझाच हात सैल पडला?

उलटसुलट

सुपरवॉश लोकर असेच करते. पापुद्रे बोथट झाल्यामुळे तंतू एकमेकांना पूर्वीसारखे धरून राहत नाहीत. धुतल्यानंतरचे आकडेच खरे धरा. लांबी मोजताना विणताना दिसणाऱ्या सेंटिमीटरवर जाऊ नका, ओळी मोजा, नाहीतर बाह्या पहिल्या धुण्यानंतर बोटांवर येतील.

गोदाकाठ

समजले. तीन महिन्यांच्या बाळाच्या छातीचे माप साडेचाळीस सेंटिमीटर धरले आणि पाच सेंटिमीटर सैल ठेवले, म्हणजे पाठीला सुमारे २३ सेंटिमीटर हवेत. २१ टाक्यांच्या हिशेबाने ४८ आणि शिवणीचे दोन, असे ५० टाके आज दुपारी सासूबाईंच्या सुयांवर घातले आहेत. एक सुलट-एक उलटचा काठ १२ ओळी झाला की अंगासाठी लाकडी सुयांवर जाईन.